पन्नास पावलांची जमीन

मॉरिशसच्या भूमिविषयक कायद्यात एक जुने मोजमाप आजतागायत टिकून राहिले आहे. बेटाच्या सभोवार, भरतीच्या रेषेपासून आत पन्नास 'भौमितिक पावले' रुंदीची जी पट्टी आहे ती, थोडे अपवाद वगळता, राज्याच्या मालकीची समजली जाते आणि तिची विक्री करता येत नाही. एक भौमितिक पाऊल म्हणजे पाच फ्रेंच फूट. त्या हिशेबाने पन्नास पावलांचे आजच्या मापात ८१.२१ मीटर होतात. ही पट्टी आखणाऱ्यांच्या मनात निसर्ग नव्हता आणि जनता तर नव्हतीच. फ्रेंच वसाहतवाद्यांना इंग्रजी आरमाराची धास्ती होती. तोफा मांडण्यासाठी आणि पहाऱ्याच्या चौक्या उभारण्यासाठी त्यांना किनारा मोकळा हवा होता. १८०७ साली गव्हर्नर जनरल देकाँ याने ही पट्टी कोणाच्याही खाजगी मालकीत जाऊ नये असा हुकूम काढला. तीनच वर्षांनी, १८१० साली, इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. तोफा निरुपयोगी ठरल्या, पट्टी मात्र राहिली. १८९५ साली इंग्रजांनी तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९६८ साली स्वतंत्र झालेल्या मॉरिशसला ती वारसाहक्काने मिळाली.

समाजवादी कार्यकर्त्याने या दूरच्या बेटाकडे लक्ष का द्यावे, याचे उत्तर या एका वस्तुस्थितीत आहे. किनाऱ्यावर समाजाची मालकी असावी ही जी मागणी इतर देशांत आपल्यासारख्यांना अजून करावी लागते, ती मॉरिशसमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच, एका सेनापतीच्या सोयीसाठी का होईना, पुरी झालेली आहे. १९८२ साली तर तेथे समाजवाद्यांच्या आघाडीने मुख्य बेटावरील सर्वच्या सर्व ६० जागा जिंकल्या होत्या. तेव्हा जमीन सरकारची होती आणि सरकारही, निदान नावाने, आपल्या विचारांचे होते. असे असूनही गेल्या पन्नास वर्षांत त्या किनाऱ्याचा सर्वोत्तम भाग सामान्य माणसाच्या हातून निसटत गेला आणि जो उरला आहे तो समुद्र खात चालला आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत असे मानण्याची पद्धत आहे. पहिली राजकारण्यांकडे आणि दुसरी अभियंत्यांकडे सोपवली जाते. त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत असे माझे मत आहे.

आधी भूगोल पाहिला पाहिजे, कारण येथे भूगोलावाचून अर्थशास्त्र उलगडत नाही. मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. त्याला सुमारे ३२२ किलोमीटरचा किनारा आहे. बेट ज्वालामुखीतून वर आले असल्यामुळे त्याचा खडक काळा आहे, आपल्या सह्याद्रीचा जो बसाल्ट आहे तोच. मग जाहिरातीत दिसते ती पांढरीशुभ्र पुळण कोठून आली? ती डोंगरातून नदीने वाहून आणलेली नाही. ती प्रवाळांनी आणि शिंपल्यांनी घडवली आहे. बेटाच्या बहुतांश भागाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत आहे. ही भिंत आणि किनारा यांच्यामध्ये जे उथळ, शांत पाणी असते त्याला लगून म्हणतात. समुद्राची लाट भिंतीवर फुटते आणि तिचा जोर तेथेच ओसरतो. प्रवाळांचे तुकडे, कवचे, समुद्री शेवाळातील चुना हे सर्व झिजत झिजत वाळू होते आणि हळूहळू किनाऱ्याला लागते. याचा अर्थ असा की प्रवाळभिंत हे एकाच वेळी या किनाऱ्याचे कुंपणही आहे आणि वाळूचा कारखानाही आहे. प्रवाळ मेले तर कुंपण खचते आणि कारखानाही बंद पडतो. १९९८ साली, २००९ साली आणि २०१६ साली समुद्र तापल्यामुळे तेथील प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रकार झाले. उसाच्या मळ्यांतील खते आणि वस्त्यांचे सांडपाणी लगूनमध्ये उतरत असते ते निराळेच.

रिकार्डोने जमिनीच्या खंडाचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याच्यासमोर धान्याची शेते होती. मॉरिशसच्या किनाऱ्यावर तोच सिद्धांत वाळूत लिहिलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात या पट्टीला कसलीही किंमत नव्हती. संपत्ती होती ती आत, उसाच्या मळ्यांत. १८३४ पासून जे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर तेथे नेण्यात आले, ते पोर्ट लुईच्या बंदरातून थेट मळ्यांवर गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे आपले लोकही होते. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. समुद्रकाठी राहिले ते मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज, मासेमारीवर जगणारे क्रिओल लोक. किनारा ही गरिबांची जागा होती, कारण ती कोणालाच नको होती.

मग विमाने आली. १९७० साली मॉरिशसला सत्तावीस-अठ्ठावीस हजार पर्यटक आले होते. २०१८ साली ही संख्या चौदा लाखांच्या घरात गेली. ज्या वाळूला कोणी विचारत नव्हते ती एका पिढीत उसाच्या शेतापेक्षा कितीतरी पटींनी महाग झाली. आता हा वाढीव खंड कोणी निर्माण केला? हॉटेलमालकाने इमारत बांधली हे खरे. परंतु तशीच इमारत बेटाच्या मध्यभागी बांधली असती तर तेथे कोण उतरले असते? खंड निर्माण केला प्रवाळांनी, आणि त्यांच्या जोडीला विमानतळ, रस्ते, वीज, शांतता पुरवणाऱ्या समाजाने. तो घेतला मात्र पट्टेदाराने. युरोपीय बाजारात साखरेला मिळणारा हमीभाव २००९ साली संपुष्टात आला, तेव्हा साखरसम्राटांची जुनी घराणी हॉटेले, बंगले आणि परदेशी धनिकांसाठीच्या वसाहती यांच्याकडे अधिकच वेगाने वळली. २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि पुढे नावे बदलत राहिलेल्या योजनांनी परकीयांना निवासी मालमत्ता विकत घेण्याची दारे उघडून दिली होतीच. ज्यांच्या हातात ऊस होता त्यांच्याच हातात किनारा आला. येथे क्रांती झाली ती फक्त पिकात.

सरकारी जमीन विकता येत नाही, पण भाड्याने देता येते. सारी गोम या एका वाक्यात आहे. किनाऱ्यावरील विश्रामगृहांसाठी आणि हॉटेलांसाठी पट्टे दिले जात. त्यांचे भाडे वर्षानुवर्षे नाममात्र राहिले. २००७ साली कायद्यात दुरुस्ती करून भाडे वाढवण्यात आले हे मान्य केले पाहिजे. पण त्याच दुरुस्तीने पट्ट्याची मुदत ६० वर्षांची झाली. ६० वर्षांचा पट्टा म्हणजे दोन पिढ्या. ज्याच्या नातवालाही जागा सोडावी लागणार नाही, त्याला भाडेकरू म्हणणे हा शब्दच्छल होय.

भरतीच्या रेषेखालची पुळण मात्र तेथील कायद्याने सर्वांसाठी खुली आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाला त्या बेटावर जाण्याचा योग आला होता. रविवारी सकाळी सार्वजनिक पुळणीवर बसगाड्या भरभरून कुटुंबे उतरत होती. सुरूच्या सावलीत चटया, भाताची पातेली, म्हातारी माणसे, ढोलके! इतका आनंद इतक्या थोड्या जागेत दाटलेला फार क्वचित पाहायला मिळतो. तेथून पाण्याच्या कडेने चालत गेलो तर पंधरा मिनिटांत गर्दी संपली आणि ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या सुरू झाल्या. एका पहारेकऱ्याने अत्यंत विनयाने विचारले की आपण कोणत्या खोलीत उतरला आहात. पाणी पायाला लागत होते, म्हणजे मी निःसंशय सार्वजनिक जागेत उभा होतो. ते मी त्याला सांगितले नाही. त्याचे नाव भारतीय वळणाचे होते आणि नोकरी जाण्याची भीती त्याच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा अधिक होती. कायदा पुस्तकात असतो आणि किनाऱ्यावर पहारेकरी असतो.

तरी पहारेकऱ्याचा प्रकार सौम्यच म्हटला पाहिजे. दक्षिण किनाऱ्यावरील पोंपोनेत ही पुळण रीतसर सार्वजनिक म्हणून घोषित झालेली होती. सरकारनेच ती घोषणा मागे घेतली आणि जागा एका हॉटेल प्रकल्पासाठी पट्ट्याने दिली. तेथे कुंपण उभे राहिले. 'आमचे किनारे चोरणे थांबवा' अशा अर्थाचे क्रिओल नाव घेतलेल्या एका नागरी संघटनेने तेथे धरणे धरले, जेवणावळी घातल्या, न्यायालयात आणि रस्त्यावर प्रश्न लावून धरला. अखेर २०२० साली सरकारला पट्टा रद्द करावा लागला. या लढ्याचा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. येथे लोकांचा प्रतिपक्षी खाजगी मालक नव्हता, प्रतिपक्षी होते सार्वजनिक मालकीचे विश्वस्त. एखादी वस्तू सरकारची असणे आणि ती लोकांची असणे यांमध्ये जे अंतर आहे, त्याचा आपण समाजवाद्यांनी पुरेसा विचार केलेला नाही. राष्ट्रीयीकरणाचा ठराव पास झाला की आपण घरी जातो. आणि राष्ट्राच्या नावावर चढलेली वस्तू राष्ट्राच्या नावानेच भाड्याने जाते, त्या दिवशी सभागृहात आपला माणूस नसतो.

आता समुद्राकडे वळू. मॉरिशसचा किनारा झिजतो आहे याची कारणे अनेक आहेत, पण काही माणसाने हाताने केलेली आहेत. बेटावर घरे-हॉटेले यांचे बांधकाम वाढले तसे वाळूची मागणी वाढली आणि ती लगूनमधून, मुख्यतः पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावरून, वर्षाला लाखो टन उपसली जाऊ लागली. होड्यांतून हे काम करणारे मजूर गरीबच होते. १९८२ साली वाळू-उपशाविषयी कायदा झाला, परंतु लगूनमधील उपसा पूर्णपणे बंद व्हायला २००१ साल उजाडावे लागले. त्यानंतर खडक दळून केलेली वाळू वापरात आली. उपसा बंद झाला तेव्हा 'बांधकामधंदा बुडेल' असे सांगणारे पुष्कळ होते. धंदा बुडाला नाही. आपल्याकडे कोकणच्या खाड्यांत ड्रेझर लावून जो उपसा चालतो त्याचे समर्थन करणाऱ्यांनी हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

वाळू गेली, तेव्हा पट्टेदारांना आपापल्या अंगणाची काळजी वाटू लागली. कोणी दगडी भिंत बांधली, कोणी पाण्यात आडवे धक्के घातले. सरकारनेही अनेक ठिकाणी तारेच्या जाळीत दगड भरून त्यांच्या राशी रचल्या. खाऱ्या पाण्यात तार गंजली, जाळ्या फुटल्या आणि दगड पुळणीवर पसरले. भिंतीचे शास्त्र साधे आहे. लाट वाळूच्या उतारावर चढते तेव्हा दमते; उभ्या भिंतीवर आपटते तेव्हा परत फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. आडव्या धक्क्याच्या एका बाजूला वाळू साचते, ती दुसऱ्या बाजूच्या वाट्याची असते. म्हणजे ज्याच्याकडे भिंत बांधण्याचे पैसे आहेत तो आपली धूप शेजाऱ्याकडे ढकलतो, आणि रांगेच्या शेवटी सापडते ती सार्वजनिक पुळण किंवा कोळ्यांची वस्ती. कारखान्याचा धूर गावाने गिळायचा आणि नफा मालकाने घ्यायचा, हे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. येथे धुराच्या जागी वाळूची तूट आहे, एवढेच.

रिव्हियेर दे गाले हे दक्षिणेकडील गाव या रांगेच्या शेवटी उभे आहे. तेथे प्रवाळभिंतीचे संरक्षण तुटपुंजे आहे. मे २००७ मध्ये दक्षिण महासागरात दूर कोठे तरी उठलेल्या वादळाच्या लाटा या गावावर येऊन कोसळल्या; वारा नाही, पाऊस नाही, आणि घरांत समुद्र. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय निधीच्या साहाय्याने तीन जागा संरक्षणासाठी निवडण्यात आल्या, त्यात हे गाव होते. येथे दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधण्यात आला. पूर्वेकडील कात्र सर या गावी संकटकाळी आसरा घेण्यासाठी निवारा केंद्र उभे राहिले. तिसरी जागा उत्तरेकडची मों श्वाझी ही प्रसिद्ध पुळण. या तीन जागांतील उपायांची तुलना करावी तितकी थोडी आहे. पर्यटकांच्या पुळणीसाठी लाटेचा जोर पाण्यातच मोडण्याचा विचार होतो, गरीब गावाला भिंत मिळते, आणि त्याहून गरीब गावाला पळून जाऊन थांबायची खोली मिळते. माणसे वाचवणारी खोली कमी महत्त्वाची आहे असे मला म्हणायचे नाही; किंबहुना तीच प्रथम हवी. परंतु कोणत्या जागेसाठी कोणता उपाय सुचतो, यात त्या त्या जागेचा खंड बोलत असतो.

येथे एक छोटे गणित करून पाहू. मॉरिशसजवळ समुद्राची पातळी गेल्या काही दशकांत वर्षाला चार-पाच मिलिमीटर या गतीने वाढत आली आहे. पाच धरले तर ६० वर्षांत ३० सेंटिमीटर होतात. वाळूचा किनारा सपाट असल्यामुळे पाणी जितके वर चढते त्याच्या ५० ते १०० पट जमीन मागे हटते, असा एक ढोबळ नियम किनारा-अभियंते १९६० च्या दशकापासून वापरत आले आहेत. तो सर्वत्र लागू पडत नाही, प्रवाळभिंत असेल तेथे तर त्याचे उत्तर पुष्कळच बदलते. तरीही अंदाजासाठी तो धरला तर किनारा १५ ते ३० मीटर मागे येतो. आणि मॉरिशसच्या नियोजन-नियमांप्रमाणे वाळूच्या किनाऱ्यावर हॉटेलच्या इमारतीने भरतीच्या रेषेपासून किती अंतर सोडायचे? ३० मीटर. २००७ साली सही झालेला ६० वर्षांचा पट्टा २०६७ साली संपेल. गती वाढली नाही असे गृहीत धरले तरी तोपर्यंत ते सोडलेले अंतर बहुतांशी पाण्याखाली गेलेले असू शकेल, आणि गती वाढणार नाही असे आज कोणीही जबाबदार शास्त्रज्ञ सांगत नाही. कायद्याने पट्टी मोजली ती भरतीच्या रेषेपासून, आणि रेषा तर चालू लागली आहे. तिच्याबरोबर पट्टी आत सरकली तर ती मागच्या खाजगी जमिनीवर चढते, तेथे मालक हरकत घेतील. न सरकली तर सार्वजनिक किनारा दोन्ही बाजूंनी दाबला जाऊन नाहीसा होतो. म्हणून मागे हटण्याचा प्रश्न हा मूलतः मालमत्तेचा प्रश्न आहे, आणि अभियंत्याकडे त्याचे उत्तर असू शकत नाही.

सुरूच्या झाडांविषयी येथे थोडे विषयांतर करतो. मॉरिशसच्या पुळणींवर सुरूची बने लावण्यात आली, जशी आपल्या कोकणातही वनखात्याने लावली. लहानपणी दापोलीकडे आम्हांला त्यांचे फार कौतुक होते. सुरू झटपट वाढतो, वारा अडवतो, पण त्याची मुळे उथळ असतात आणि त्याच्या पडलेल्या पात्यांखाली दुसरे काही उगवत नाही. लाट आली की ती झाडे मुळासकट कलंडतात. मॉरिशसमध्ये आता पुन्हा तेथील मूळ वनस्पती लावण्याकडे लक्ष वळले आहे आणि त्यात एक वेल आहे ती आपली मर्यादवेल. आपल्या पूर्वजांनी त्या वेलीला हे नाव उगाच दिले नसावे. जेथवर ती पसरते तेथवर समुद्राची मर्यादा, त्याच्या पुढे घर बांधू नये, एवढा नियोजनशास्त्राचा नियम त्या एका शब्दात होता. तो पाळायला कोणत्याही अधिसूचनेची गरज नव्हती.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे, पनामाचा झेंडा लावलेले अवाढव्य मालवाहू जहाज आग्नेयेकडील प्वांत देस्नी येथे प्रवाळभिंतीवर चढले. जवळच ब्लू बे सागरी उद्यान आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जहाज रिकामे होते, पण त्याच्या टाक्यांत सुमारे चार हजार टन इंधनतेल होते. बारा दिवस ते तेथे अडकून होते आणि सरकार परिस्थिती काबूत असल्याचे सांगत होते. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे एक हजार टन तेल लगूनमध्ये पसरले. जहाज किनाऱ्याच्या इतके जवळ का आले, याची चौकशी झाली तेव्हा जे कारण पुढे आले ते ऐकून हसावे की रडावे हे समजत नाही: खलाशांना घरच्यांशी बोलण्यासाठी मोबाइल फोनची लहर हवी होती. जहाजाचा भारतीय कप्तान आणि त्याचा श्रीलंकन सहकारी यांना डिसेंबर २०२१ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. दोष त्यांचा होताच. परंतु महिनोन् महिने घर न पाहिलेल्या नोकरमाणसाला तुरुंग, आणि मालक कंपनीची जबाबदारी मात्र आंतरराष्ट्रीय करारांनी आधीच ठरवून ठेवलेल्या कमाल रकमेपुरती, ही न्यायाची वाटणी नजरेआड करता येत नाही.

त्या ऑगस्टमध्ये माहेबूरच्या किनाऱ्यावर जे घडले ते मात्र कोणत्याही सागरी व्यवस्थापनाच्या ग्रंथात घालावे असे आहे. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो स्त्री-पुरुष जमले. उसाचे पाचट कापडी नळ्यांत भरून, रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी तेल अडवणारे मैलोगणती तरंगते बांध तयार केले. लोकांनी डोक्याचे केस कापून दिले, कारण केस तेल शोषतात. सरकारने लोकांना दूर राहण्यास सांगितले; लोक हटले नाहीत. २९ ऑगस्टला पोर्ट लुईच्या रस्त्यांवर त्या देशाच्या मानाने प्रचंड मोर्चा निघाला. ज्या उसाने त्यांच्या पणजोबांची पाठ मोडली त्याच उसाचे पाचट त्यांनी समुद्र वाचवायला वापरले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत ते सरकार कोसळले, आणि किनारा-हक्काच्या चळवळीत सतत असलेल्या एका छोट्या डाव्या पक्षाचा नेता मंत्रिमंडळात गेला. मंत्रिपदाने चळवळ बळावते की मंदावते, हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही.

निसर्गरक्षणाचे नाव घेणारा प्रत्येकजण लोकांच्या बाजूचा असतो असा समज असणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी चागोस द्वीपसमूहाचा इतिहास वाचावा. स्वातंत्र्य देण्यापूर्वी, १९६५ साली, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. त्यांतील दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिले आणि १९७३ पर्यंत तेथील सर्व रहिवाशांना उचलून मॉरिशस-सेशेल्सच्या बंदरांत आणून टाकले. पुढे त्यांनी परतीचा हक्क मागितला. १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने त्या समुद्रात भव्य सागरी अभयारण्य घोषित केले, आणि जगभरच्या पर्यावरणवाद्यांनी टाळ्या वाजवल्या. लष्करी तळ तसाच राहिला, मासेमारी तेवढी बंद. अभयारण्य झाले की रहिवाशांचे परतणे दुरापास्त होईल हा हिशेब त्यामागे होता, हे नंतर उघड झालेल्या राजनैतिक पत्रव्यवहारातून दिसले. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ही घोषणा सागरी कायद्याशी विसंगत ठरवली. प्रवाळांचे रक्षण आणि माणसांची हकालपट्टी या दोन गोष्टी एकाच नकाशावर सुखाने नांदू शकतात.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाने घालून दिले आहे. हे बेट १०८ चौरस किलोमीटरचे, त्याचा लगून त्याच्या दुपटीहून मोठा. २००२ पासून बेटाला स्वायत्तता आहे. तेथील बायका ओहोटीच्या वेळी प्रवाळांतून चालत, लोखंडी टोकाच्या काठीने अष्टपाद पकडतात. तो त्यांचा पिढीजात व्यवसाय. अष्टपादांची संख्या घटत गेली तेव्हा २०१२ साली प्रादेशिक सभेने ठरवले की दोन महिने कोणीही त्यांना हात लावायचा नाही. या काळात ज्यांची चूल बंद पडणार होती त्यांना किनारा-सफाईसारखी दुसरी कामे रोजंदारीवर देण्यात आली. अष्टपाद अल्पायुषी आणि झपाट्याने वाढणारा प्राणी आहे, त्यामुळे दोन महिन्यांच्या विश्रांतीचे फळ बायकांना डोळ्यांनी पाहता आले; बंदी उठल्यावर टोपल्यांत मोठे अष्टपाद येऊ लागले. मग ही बंदी दरवर्षीची झाली आणि २०१६ पासून मुख्य बेटानेही ती स्वीकारली. निर्णय घेणारी सभा जवळ होती, त्याग करणाऱ्यांना मजुरी मिळाली आणि फायदाही त्याच हातांत परतला, या तीन गोष्टी जुळल्या म्हणून हे घडले. आपल्याकडे पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात खलाशाच्या घरी काय शिजते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील मजुरीचा मुद्दा अधिक सांगायला नको.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही, कारण तो आपल्याच लोकांकडून येतो. हॉटेले नकोत तर कामगार कोठे जातील? मॉरिशसमध्ये खाटा झाडणारे, स्वयंपाक करणारे, बागा राखणारे यांच्या संघटना आहेत आणि त्यांची चिंता खरी आहे. २०२० च्या मार्चपासून दीड वर्ष देशाच्या सीमा जवळपास बंद राहिल्या तेव्हा सरकारला त्यांच्या पगारासाठी तिजोरी उघडावी लागली. पण या दीड वर्षानेच दाखवून दिले की एका पुळणीवर सारा संसार टांगणे किती धोक्याचे आहे. शिवाय हॉटेल बंद करण्याची मागणी कोणी केलेलीच नाही. मागणी आहे ती पट्ट्याची मुदत २० वर्षांवर आणण्याची, भाडे दर पाच वर्षांनी बाजारभावाशी जोडण्याची, आणि त्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा त्याच किनाऱ्याच्या गावाच्या हाती देण्याची, अशी ती असावी असे मी सुचवीन. त्याबरोबर पट्ट्यातच एक कलम हवे: भरतीची रेषा इमारतीपासून अमुक अंतरावर आली की भिंत बांधण्याचा हक्क नाही, इमारत हलवायची, स्वतःच्या खर्चाने. हे कलम असेल तर कोणतीही विमा कंपनी आणि कोणतीही बँक आपोआप इमारत मागे बांधायला लावील. बाजाराची शिस्त भांडवलदारांना लावण्याची संधी समाजवाद्यांना वारंवार मिळत नाही.

आपल्याकडे १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा नियंत्रणाखाली आणला होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात विकासबंदीची पट्टी २०० मीटरवरून ५० मीटरवर आणली. ५० मीटर म्हणजे देकाँच्या पन्नास पावलांपेक्षाही कमी. धोक्याची रेषा नावाची जी दुसरी रेषा नकाशावर असते, समुद्र पुढे कोठवर येऊ शकतो ते दाखवणारी, तिला २०१९ च्या अधिसूचनेने केवळ आपत्तिनियोजनाचे साधन ठरवले आहे. बांधकामाची परवानगी तिच्यावर अवलंबून नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर येथील कार्यकर्त्यांनी किनारा-आराखड्याच्या सुनावणीला जाताना हे दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत, आणि दोन रेषांच्या मधोमध कोणाचे प्रकल्प आहेत व कोणाची घरे आहेत, हे गावनिहाय लिहून काढून अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवावे.